मेंदू आणि सदाचार
(ज्युबिली महोत्सवानिमित्त नाशिक येथें केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशीं मला माझी एक चूक आपणांपुढें कबूल करावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना तेथील एक आदरणीय वृद्ध गृहस्थ एकाएकीं अपशब्द बोलूं लागले, पैसा उधळूं लागले. मीं त्यांस कडक शब्दांत पश्चात्तापाचा उपदेश केला. पुढें तपासणींत कळलें कीं, त्यांच्या मेंदूचा कपाळामागील भाग रोगानें क्षीण होत होता. उपदेश कानीं पडला. परंतु तो आचरणांत आणण्याचें साधनच झिजत चाललें होतें.

हाच भाग रागास लगाम घालण्यास व परिणामांचा विचार करण्यास साह्य करितो. १८४८ सालीं अमेरिकेंत फिनियस गेज नांवाच्या रेल्वेवरील मुकादमाच्या गालांतून शिरलेली लोखंडी पहार टाळूंतून बाहेर पडली. तो वाचला, बोलूं-चालूं लागला. परंतु पूर्वींचा जबाबदार गडी उर्मट व चंचल झाला, असें त्याच्या डॉक्टरांनीं नमूद केलें आहे. तरी पुढें चिली देशांत त्यानें कित्येक वर्षें घोडागाडी हांकली.

मग पापपुण्य हा केवळ मेंदूचा खेळ काय? नाहीं. वादक निपुण असला तरी तुटलेल्या तारेंतून सूर निघत नाहीं, एवढेंच. शरीरांतील इंद्रियास इजा झाल्यास माणसास पूर्वीं ठाऊक असलेलेंही उमजेनासें होतें, हें संत थॉमस अक्वायनस यांनीं तेराव्या शतकांतच ओळखिलें होतें. न्यायासनही हें जाणतें. मुंबईंत अनेकांचे प्राण घेणाऱ्या रामन राघवची फांशी उच्च न्यायालयानें १९८७ सालीं, त्याचा मनोविकार असाध्य म्हणून, जन्मठेपेंत बदलली. अपराध पुसला नाहीं. व्याधि मात्र पाहिली.

ही निरोगी माणसास सवलत नव्हे. मेंदूचा हा भाग पंचविशीच्या सुमारापर्यंत पक्व होत असतो. म्हणून मुलांस वळण लावण्यास आईबापांनीं आळस करूं नये. आणि घरांतील कोणाचा स्वभाव एकाएकीं पालटला, तर आधीं डॉक्टरांकडे न्यावें, मग उपदेश करावा.

ते गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांच्या पत्नीनें मला क्षमा केली. परंतु त्यांची क्षमा मागावयाची माझी राहूनच गेली. आपली तशी राहूं नये, हीच प्रार्थना.