टाळ थांबले नाहीत

मी वारीला जाते असं सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पाय दुखत नाहीत का? आणि एवढ्या गर्दीत चुकामूक कशी होत नाही? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुखतात. दुसऱ्याला मात्र जरा वेळ लागतो, कारण ते आम्ही वारकरी एकमेकांशी कसे बोलतो, यात दडलेलं आहे. आज त्याविषयीच बोलणार आहे.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर लाखो माणसं चालतात आणि रोजचं बरंचसं काम शब्दांवाचून होतं. मुक्कामावरून निघायचं असलं की कर्णा वाजतो, तीनदा. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी निघते. "चला, उशीर होतोय" असं कोणाला ओरडावं लागत नाही. दिंडीचा पत्ता विचारला तर गल्ली नाही, घर नाही. रथापुढे अमुक नंबर किंवा रथामागे तमुक नंबर. रथापुढे २७ दिंड्या, बाकी साऱ्या मागे. एवढं पाठ असलं की निरक्षर म्हातारीसुद्धा आपली माणसं शोधून काढते.

या शिस्तीचं श्रेय हैबतबाबा आरफळकरांना देतात. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी सोहळ्याची घडी बसवली. लष्करातला माणूस असल्यामुळे कमी शब्दांत जास्त माणसं कशी हलवायची, हे त्यांना ठाऊक असणार.

शब्दांत बोलतो तेव्हा आमचा सगळ्यात मोठा शब्द एकच, 'माउली'. मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे पहिल्या वारीत मला या शब्दाची फार गंमत वाटली. वाट हवी असली की "माउली". धक्का लागला की "माउली". पंगतीत भाकरी हवी तरी माउली, नको तरी माउली. कलेक्टर असो की हमाल, दोघेही माउली. ज्याला माउली म्हटलं त्याच्याशी भांडण उकरून काढणं अवघड जातं, हा त्याचा मोठा फायदा. पण याच शब्दानं एखाद्याला गप्पही करता येतं, हे मला २००९ च्या वारीत कळलं.

सासूबाईंचे गुडघे थकले तेव्हा त्यांची तुळस माझ्या डोक्यावर आली. आमची दिंडी रथामागची. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी आणि त्यांच्या मागे आम्ही बायका, तुळशी आणि हंडे घेऊन. त्या वर्षी मुक्कामावर पाण्याचा टँकर उभा राहायचा तो थेट रस्त्याच्या कडेला. पहाटे साडेतीनला बायका अंघोळीला जायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकचे दिवे अंगावर पडायचे. चौघींनी लुगडी धरायची आणि पाचवीनं दोन तांबे घ्यायचे. बऱ्याच जणींनी अंघोळच सोडली. काही जणी दिवसभर पाणी कमी पिऊ लागल्या. कशासाठी, ते बायकांना सांगायला नको.

आम्ही सांगितलं नाही असं नाही. स्वयंपाकाच्या बाईनं तंबूवाल्याला सांगितलं, तंबूवाल्यानं वीणेकऱ्यांना, त्यांनी दिंडीप्रमुखांना. निरोप तिथवर जाईपर्यंत 'बायकांची जरा गैरसोय होतेय' एवढाच उरला. शेवटी मी स्वतः गेले. ते सज्जन माणूस. हात जोडले, हसले आणि म्हणाले, "बघू, माउली." त्यापुढे काय बोलणार? असे चार दिवस गेले.

आता समाजआरतीविषयी सांगायला हवं. संध्याकाळी पालखी मुक्कामाच्या तळावर येते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे चांदीचा दंड, उंच करतात. त्या क्षणी सगळे टाळ बंद. इतकी शांतता होते की लांबच्या बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू यावी. मग हरवल्या-सापडल्याचं सांगतात, उद्याची निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते.

पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिनं आपले टाळ थांबवायचे नाहीत. बस्स, एवढंच. ओरडायचं नाही, अर्ज द्यायचा नाही. बाकी सगळे गप्प झालेले असतात, त्यामुळे ते टाळ आपोआप ऐकू येतात. चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं चालत जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा करतात. तोवर सगळा सोहळा थांबून राहतो.

पाचव्या दिवशी दुपारच्या विसाव्याला आत्या उठल्या. सगळी दिंडी त्यांना आत्याच म्हणायची, सत्तरी केव्हाच उलटलेली. त्यांनी आपल्या गावच्या एका तरुण टाळकऱ्याला बाजूला बोलावलं आणि म्हणाल्या, "आमच्या हातात टाळ नाहीत रे बाबा. आज तुझे थांबवू नकोस."

संध्याकाळी चोप वर गेला. शांतता झाली. आणि आमच्याच दिंडीतून एक टाळ वाजत राहिला. प्रमुखांनी मागे वळून पाहिलं. पोराचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात थांबला नाही. मग त्याच्या शेजारच्या दोघांनीही टाळ धरला. माझ्या छातीतली धडधड मला त्या टाळांहून मोठी वाटत होती.

चोपदार आले. "काय गाऱ्हाणं आहे, माउली?" पोरगा म्हणाला, "माझं नाही. त्यांना विचारा." आणि त्यानं मागे बोट दाखवलं. रांगा बाजूला झाल्या, आत्या डोक्यावरच्या तुळशीसकट पुढे आल्या. म्हणाल्या, "रस्त्याच्या उजेडात आमच्या लेकीसुनांना अंघोळ करावी लागते. टँकर तंबूच्या आड लावा आणि पहिला अर्धा तास आम्हाला द्या." संपलं. चोपदारांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी मान हलवली. टाळ थांबले, आरती झाली.

दुसऱ्या दिवशी टँकर तंबूंच्या आड होता. प्रमुख दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विसाव्याला येऊन विचारून गेले, पाणी पुरतंय ना. तेव्हा त्यांनी माउली म्हटलं, त्याचा सूर वेगळा होता.

घरी आल्यावर मी यावर पुष्कळ विचार केला. आपल्या सोसायटीच्या किंवा ग्रामसभेच्या बैठकीत "कुणाची काही तक्रार?" असं विचारतात आणि लगेच सगळे एकदम बोलू लागतात. ज्याचा आवाज मोठा, त्याचं ऐकलं जातं. वारीत उलट आहे. आधी सगळे गप्प होतात आणि गप्प न राहण्याची मुभा फक्त तक्रारदाराला असते. गाऱ्हाणं ऐकून घ्यायची याहून चांगली रीत मी तरी पाहिलेली नाही.

पण त्या रीतीतही एक फट होती. टाळ वाजवून तक्रार करायची, तर आधी हातात टाळ हवेत. आम्ही बायका त्याच वाटेनं चालत होतो, तेच अभंग म्हणत होतो, पण तक्रारीसाठी आम्हाला दुसऱ्याचा हात उसना घ्यावा लागला. तो पोरगा कचरला असता तर? आत्या नसत्या तर?

म्हणून पुढच्या वर्षी आळंदीला मी दोन टाळजोड विकत घेतले. एक आत्यांना दिला, एक मला. प्रमुखांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. आज आमच्या दिंडीत बायकांच्या रांगेत पाच-सहा जोड वाजतात. आत्या आता नाहीत. त्यांचा जोड त्यांची नात वाजवते. समाजआरतीला चोप वर गेला की तीही इतरांसारखीच टाळ थांबवते. थांबवण्याआधी मात्र एकदा मागे वळून आमच्याकडे पाहते. कोणाचं काही राहिलं तर नाही ना, म्हणून.

रामकृष्ण हरी.