वाद्य बदलावे की सुधारावे?

श्रोतेहो, गेल्या गणेशोत्सवाच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. संध्याकाळी माझा भाचा घरी आला. खांद्यावर गिटारची काळी पिशवी आणि चेहरा उतरलेला. हा मुलगा दिवसा एका कारखान्यात हिशेब सांभाळतो आणि सणासुदीच्या दिवसांत रात्री एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो.

“मामा, ही काढून टाकतो आणि नवी घेतो,” तो बसता बसताच म्हणाला. “पस्तीस हजार जमलेत. कालच्या कार्यक्रमात दोनदा बेसूर झाली. मालक म्हणाले, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघावा लागेल.”

म्हणजे हौसेचा प्रश्न राहिला नव्हता, मिळकतीचा झाला होता. शिवाय त्या पस्तीस हजारांतले पंधरा हजार माझ्या बहिणीने भिशीतून उचलून त्याला दिले होते, हेही मला ठाऊक होते.

आता तुम्ही म्हणाल, या मास्तराला इलेक्ट्रिक गिटारीतले काय कळते? खरे आहे. मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. गिटार मला वाजवता येत नाही. पण या बाबतीत मी एकदा सपशेल चुकलेलो आहे, आणि चुकलेल्या माणसाला थोडाफार सल्ला देण्याचा अधिकार असतो.

तरुणपणी माझ्याजवळ मिरजेची एक सतार होती. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या गावच्या कारागिरांची कीर्ती त्याहून कितीतरी जुनी. पुढे माझी सतार मुकी मुकी वाजू लागली. स्वराला गोलाई राहिली नाही. मी ती मिळेल त्या किमतीला विकली आणि चकचकीत नवी घेतली. वर्षभराने ती जुनी सतार एका बैठकीत ऐकली आणि मी ओळखलीच नाही! विकत घेणाऱ्याने फक्त तिची जवारी काढून घेतली होती. तारा घासून घासून घोडीवर खाचा पडतात, मग स्वर दबतो. कारागीर ती घोडी कानशीने पुन्हा बेताची घासून देतो. एवढेच काम होते. मी मात्र आख्खी सतार घालवून बसलो होतो.

ही हकीगत भाच्याला सांगितली आणि म्हटले, “विकायची तर वीक, पण आधी चार प्रश्नांची उत्तरे दे.” तेच चार प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा की, दोष वाद्यात आहे की देखभालीत? भाच्याने तारा आठ महिन्यांत बदलल्या नव्हत्या. घाम आणि पावसाळी हवा यांनी तार गंजते, ती बोटाला खरखरीत लागते आणि सुरात राहत नाही. लाकूडही पावसाळ्यात ओलावा धरते आणि गिटारची मान किंचित वाकते. यासाठीच मानेच्या पोटात एक सळई बसवलेली असते. ती किल्लीने थोडी फिरवली की मान पुन्हा सरळ करता येते. आणखी एक परीक्षा घरच्या घरी करता येते. बाराव्या पडद्याशी तार निम्मी होते, म्हणून मोकळ्या तारेचा आणि बाराव्या पडद्यावरचा स्वर एकच, फक्त एका सप्तकाच्या अंतराने, असायला हवा. वरचा स्वर चढा लागला तर घोडीवरचा त्या तारेचा टेकू किंचित मागे घ्यायचा, उतरा लागला तर पुढे. हे सारे दुरुस्तीचे काम आहे. त्यासाठी नवे काहीच घ्यावे लागत नाही.

दुसरा प्रश्न. दोष सुट्या भागात आहे की सांगाड्यात? इथे थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान. स्वतःला गिटार वाजवता येत नसे; पण वस्तू बिघडते कशी आणि दुरुस्त होते कशी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या कंपनीने १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटार बाजारात आणली, तिची मान धडाला स्क्रूंनी बसवलेली होती. मान खराब झाली तर काढा, दुसरी लावा! एरिक क्लॅप्टन या इंग्रज वादकाने १९७० साली अशा काही जुन्या गिटारी विकत घेतल्या आणि तिघींचे चांगले चांगले भाग एकत्र करून स्वतःसाठी एक गिटार जुळवली. ‘ब्लॅकी’ हे तिचे नाव. २००४ साली लिलावात तिला साडेनऊ लाखांहून अधिक डॉलर मिळाले. तेव्हा खुंट्या, घोडी, पिकअप, एवढेच काय, मानसुद्धा बदलता येते. पण लाकूडच पिचले असेल, किंवा मानेची जाडीरुंदी हाताला कधी मानवलीच नसेल, तर त्या वाद्यावर पैसे ओतण्यात अर्थ नाही. आणि एक व्यवहार लक्षात ठेवावा. स्वस्त गिटारीला महागडे भाग बसवले, तरी विकताना गिऱ्हाईक तुम्हाला स्वस्त गिटारीचीच किंमत देतो. म्हणून काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. विकताना ते परत बसवता येतात आणि महागाचे भाग आपल्यापाशी राहतात.

तिसरा प्रश्न. तुम्हाला हवा असलेला आवाज तुमच्या वाद्याच्या जातीत आहे का? इलेक्ट्रिक गिटारीत तारेखाली चुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले तत्त्व ते हेच. याला म्हणतात पिकअप. एकच वेढणी असलेला पिकअप स्वच्छ, टणत्कारी बोलतो. पण रंगमंचावरच्या दिव्यांची, विजेच्या तारांची गुणगुणही तो टिपून घेतो. म्हणून गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन वेढण्या उलटसुलट जोडून ‘हमबकर’ केला. त्यात गुणगुण परस्पर कटते, तारेचा आवाज मात्र दुणावतो. स्वर भरदार होतो. पण पिकअप बदलल्याने सगळेच बदलत नाही. फेंडरच्या गिटारीत तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या ‘लेस पॉल’मध्ये पावणेपंचवीस इंच. लांबी कमी, तर तोच स्वर लावताना ताणही कमी, आणि बोटांना तार मऊ लागते. ही लांबी आहे त्या मानेवर बदलता येत नाही. तेव्हा निराळीच जात हवी असेल तर दुसरे वाद्य घेणे हाच सरळ मार्ग. मात्र त्याआधी आपला ॲम्प्लिफायर तपासावा. निम्मा आवाज त्याचा असतो, आणि बोल मात्र बिचाऱ्या गिटारीला लागतो.

चौथा प्रश्न. तुमचे काम एका वाद्याने भागते का? घरी वाजवणाऱ्याचे खुशाल भागते. ब्रायन मे या इंग्लंडमधल्या मुलाने १९६३ साली वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. मानेचे लाकूड शेकोटीच्या जुन्या चौकटीचे आणि आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या. पुढे हा मुलगा ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात गेला आणि तीच गिटार त्याने जन्मभर वाजवली. या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. घरी केलेली एक गिटार एवढी मजल मारते! पण रंगमंचावर तार तुटली तर श्रोते थांबत नाहीत. अशा वेळी जोडीला दुसरे वाद्य लागते, आणि त्याला चैन म्हणता येत नाही.

भाच्याने सगळे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एका कारागिराकडे गेलो. भाचा खुंट्यांना दोष देत होता. कारागिराने तार बोटाने ओढून सोडली, कान देऊन ऐकले आणि हसला. मानेच्या डोक्याशी जी खाचांची पट्टी असते, तिच्या खाचा अरुंद होत्या. ओढलेली तार तिथे अडकून बसे आणि जागेवर परत येत नसे. बेसूर होण्याचे कारण ते. खाचा नीट करून, मान सरळ करून, नव्या तारा चढवून त्याने अठराशे रुपये घेतले. गणपतीचे दहा दिवस आणि पुढची नवरात्र गिटार सुरात वाजली. मालकांनी पुन्हा तक्रार केली नाही.

मात्र दिव्यांची गुणगुण राहिलीच. पहिला प्रश्न सुटला, तिसरा आणि चौथा शिल्लक. दिवाळीनंतर भाच्याने विचार केला, जुन्या गिटारीत नवे पिकअप घालावेत, तर तार तुटण्याची धास्ती तशीच राहते. म्हणून त्याने हमबकरची एक वापरलेली गिटार अठरा हजारांना घेतली. घेण्यापूर्वी बाराव्या पडद्याची परीक्षा स्वतः केली, पडदे झिजलेत का तेही बघितले. जुनी आता जोडीला उभी असते.

आणि आईचे पंधरा हजार? ते भाऊबीजेच्या दिवशी त्याने तिच्या हातात ठेवले. बहीण मला म्हणाली, “दादा, तू नवी घ्यायला नको म्हणालास की घ्यायला सांगितलंस?” मी म्हटले, “बाई गं, मी फक्त चार प्रश्न विचारले. उत्तरे त्याची आहेत.”

श्रोतेहो, तुमच्याही घरात कपाटावर एखादी पेटी असेल, कोपऱ्यात गवसणीत तंबोरा असेल, नाही तर मुलाची गिटार असेल. ती बिघडली म्हणून काढून टाकण्याचा विचार मनात आला, तर आधी एकदा तिला जाणत्या कारागिराच्या हाती द्या. तो “हिच्यात आता राम नाही” म्हणाला, तर नवी आणायला दुकान कुठे पळून जात नाही. माझी सतार मात्र गेली ती गेलीच.