पॅकेजची सही आणि कंपनीचा शब्द

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून, म्हणजे प्रोग्रॅम व तो बसवण्याच्या सूचना यांचा एकत्र संच म्हणून, वितरकाच्या भांडारातून येते आणि संगणक त्या भांडाराची डिजिटल सही तपासून घेतो. मात्र ही सही माल त्याच भांडारातून आला आणि वाटेत बदललेला नाही एवढेच सिद्ध करते, पाठवणाऱ्याच्या हेतूची हमी देत नाही. उबुंटू या लिनक्स वितरणामागील कॅनॉनिकल कंपनीने 20.04 या आवृत्तीत क्रोमियम ब्राउझरचे नेहमीचे पॅकेज जवळजवळ रिकामे ठेवले, त्यामुळे पॅकेज बसवणाऱ्या ‘एप्ट’ या जुन्या साधनाला आज्ञा दिली तरी प्रत्यक्षात कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातले ‘स्नॅप’ या तिच्या स्वतःच्या प्रकारचे पॅकेज बसू लागले. या दुकानाचा सर्व्हरवरील प्रोग्रॅम खुला नसून त्यावर एकाच कंपनीचा ताबा असल्याने उबुंटूवर आधारलेल्या लिनक्स मिंट या वितरणाने 2020 मध्ये एप्टमधून स्नॅप येण्याची ही वाट मूळ मांडणीतच बंद केली, आणि वापरकर्त्याच्या संमतीचा विचार करता तो निर्णय रास्तच होता. स्नॅप प्रोग्रॅमला बंदिस्त कप्प्यात चालवते हे खरे, परंतु 2018 मध्ये याच दुकानातील एका खेळात आभासी चलनासाठी वापरकर्त्याचा संगणक गुपचूप राबवणारा प्रोग्रॅम सापडला, आणि पुढे आभासी चलनाच्या बनावट वॉलेटांमुळे 2024 मध्ये नव्या स्नॅपची नावनोंदणी माणसांकडून तपासून घेणे कंपनीला भाग पडले.