तोंडी गुणाकार आणि आपली मुले

(अभ्यासवर्गाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही 'तोंडी गुणाकार' हा विषय मुद्दाम निवडला आहे. गणितावर भाषण आहे म्हटले की पुढच्या रांगेतले विद्यार्थी मागची जागा शोधू लागतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ज्या विषयाला मूल घाबरते, त्याच विषयाच्या दाराशी त्याचे शिक्षण अडते. पाचवी-सहावीतला मुलगा भागाकारात अडतो, आठवीत बीजगणितात अडतो आणि दहावीत 'मला गणित जमतच नाही' असे म्हणून पुढची वाट सोडून देतो. मागे जाऊन पाहिले तर मूळ दुखणे एकच निघते. त्याचे पाढे कच्चे असतात. भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी, व्याज ही सारी इमारत गुणाकाराच्या पायावर उभी आहे. पाया कच्चा राहिला यात त्या मुलाच्या बुद्धीचा दोष नाही, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

पूर्वी काही घरांत दिवेलागणीला परवचा म्हटला जात असे. बे एके बे पासून तीस दाहे तीनशेपर्यंत पाढे होत आणि त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीसुद्धा होई. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे आण्या-पैशांच्या हिशेबाला उपयोगी पडत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, दशमान पद्धत आली आणि या पाढ्यांची गरज हळूहळू संपली. परंतु ज्या घरांना पिढ्यान् पिढ्या शाळेचे दारच बंद होते, त्या घरांत परवचा कोण म्हणणार? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब शिकवावा, असे सुचवले होते. ज्याला हिशेब येत नाही त्याला कोणीही फसवतो, हे ते जाणून होते. आज शाळा सर्वांना खुली आहे. आता घरातल्या परवच्याची उणीव आपल्या अभ्यासवर्गाने भरून काढायची आहे.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यात गणकयंत्र आहे, मग पाढे कशाला? याचे उत्तर व्यवहारातून द्यावे. समजा एखाद्या भगिनीने तीस हजारांचे कर्ज घेतले आणि महिना चौदाशे पन्नास रुपयांचा हप्ता चोवीस महिने ठरला. देणारा म्हणतो, 'ताई, हप्ता अगदी लहान आहे.' शेजारी बसलेल्या तिच्या सातवीतल्या मुलीने मनात एवढेच करावे : १४५० ची वीसपट २९,०००, चौपट ५,८००, एकूण ३४,८००. म्हणजे तीस हजारांवर चार हजार आठशे जास्तीचे जातात. हे द्यायचे की नाही, ते आईने ठरवावे. पण सही करण्याआधी आकडा तिला कळला पाहिजे. मोबाईल गुणाकार करून देतो, पण कशाला कशाने गुणायचे आणि आलेले उत्तर पटण्यासारखे आहे की नाही, हे माणसालाच कळावे लागते.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर गुणाकार. मुलाला हा डोंगर वाटतो. तो डोंगर आपण त्याच्यासमोरच पोखरून दाखवावा. सात आठे छप्पन्न आणि आठ साते छप्पन्न एकच, हे कळले की शंभराचे पंचावन्न उरतात. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे मुलांना सहज येतात; ते वगळले की एकवीस उरतात. नऊचा पाढा दहावरून मिळतो : नऊ साते म्हणजे सत्तर उणे सात, त्रेसष्ट. ते सहा गेले, पंधरा राहिले. चारपट म्हणजे दुपटीची दुप्पट. ते पाच गेले. आता उरले फक्त दहा : ३×३, ३×६, ३×७, ३×८, ६×६, ६×७, ६×८, ७×७, ७×८ आणि ८×८. एवढे दहा गुणाकार रोज एक याप्रमाणे पाठ केले तर दहा दिवसांचे काम आहे. मुलाला प्रथम हा हिशेब दाखवा. काम आटोक्यातले आहे असे दिसले की निम्मी भीती तिथेच जाते.

या उरलेल्यांपैकी सहा, सात आणि आठ यांच्या आपसांतल्या गुणाकारांसाठी हाताची बोटेही मदतीला येतात. सात आठे काढायचे असल्यास प्रत्येक हाताची पाच बोटे धरून पुढे मोजावे. सातसाठी एका हाताची दोन बोटे उभी, आठसाठी दुसऱ्या हाताची तीन उभी. उभी बोटे पाच, ती दशके : पन्नास. मिटलेली बोटे एका हाती तीन व दुसऱ्या हाती दोन, त्यांचा गुणाकार सहा. उत्तर छप्पन्न. सहा साते करताना उभी बोटे एक आणि दोन म्हणजे तीस, मिटलेली चार आणि तीन म्हणजे बारा. तीस आणि बारा बेचाळीस. मुलांना हा खेळ फार आवडतो. बोटे मोजली म्हणून मुलावर रागावू नये. बोटांवरून सुरुवात केलेले मूल सरावाने आपोआप बोटे सोडते.

त्यापुढील युक्त्या अशा. पाचने गुणायचे तर दहाने गुणून निम्मे करावे : ४८×५ म्हणजे ४८० चे निम्मे, २४०. पंचवीसने गुणायचे तर चारने भागून शंभराने गुणावे : ३६ चा चौथा भाग ९, उत्तर ९००. अकराने गुणायचे तर दोन अंकांमध्ये त्यांची बेरीज बसवावी : ५३×११, पाच आणि तीन आठ, उत्तर ५८३. बेरीज नऊच्या वर गेली तर हातचा डावीकडे न्यावा : ७८×११, सात आणि आठ पंधरा, उत्तर ८५८. ज्या संख्येच्या शेवटी पाच आहे तिचा वर्ग करताना पुढच्या अंकाला त्याच्यानंतरच्या अंकाने गुणून शेवटी २५ लिहावे : ६५ चा वर्ग, सहा साते बेचाळीस, उत्तर ४२२५. शंभराजवळच्या दोन संख्या असल्या तर शंभराला किती कमी ते पाहावे : ९७ ला तीन कमी, ९६ ला चार कमी. ९७ मधून चार वजा केले, ९३ आले, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. येथे एक सावधगिरी हवी. ९८×९७ मध्ये दोन त्रिक सहा येतात, पण ते ०६ असे दोन घरांत लिहावे. उत्तर ९५०६ आहे, ९५६ नव्हे.

मित्रांनो, या युक्त्या जादू नाहीत. अकराची युक्ती म्हणजे ७८० अधिक ७८, एवढेच. सर्वांच्या मुळाशी एकच नियम आहे : मोठ्या संख्येचे सोयीचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याचा गुणाकार करावा आणि बेरीज करावी. २३×१७ करायचे तर वीस सतरा तीनशे चाळीस, तीन सतरा एक्कावन्न, एकूण ३९१. चौकटीच्या वहीत तेवीस घरे लांब आणि सतरा घरे रुंद असा आयत काढून तो तोडून दाखवला की मुलाला हे डोळ्यांनी दिसते. ही रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती' ग्रंथात १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे आणि ते तुकडे पाडून सोडवण्याच्या अनेक रीती दिल्या आहेत. आठपट व चौपट मिळवा, किंवा दहापट व दुप्पट मिळवा, अथवा वीसपटीतून आठपट वजा करा. उत्तर १६२० च येते.

यातल्या बऱ्याच युक्त्या बाजारात 'वैदिक गणित' या नावाने, मोठे शुल्क घेऊन शिकवल्या जातात. त्या नावाचे स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यातली सूत्रे उपलब्ध वैदिक ग्रंथांत आढळत नाहीत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. युक्ती उपयोगी असेल तर ती जरूर घ्यावी. परंतु प्राचीन म्हणून ती खरी मानू नये, ती का चालते हे तपासून खरी मानावी. मुलाने उत्तर दिले की 'बरोबर' म्हणून थांबू नका. 'कसे केलेस?' हे विचारा. ज्या मुलाला कारण सांगता येते, त्याला युक्ती विसरली तरी ती पुन्हा शोधता येते.

आणखी एक अडचण आपल्या भाषेतली आहे. आपण त्रेसष्ट म्हणतो. त्यात तीन आधी ऐकू येतात आणि साठ मागाहून. एकोणपन्नास ऐकताना तर लहान मुलाला पन्नासच ऐकू येतात. याच कारणाने २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली गेली आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. त्या वादात न पडता आपण एवढे करावे : मुलाने त्रेसष्ट म्हटले की लगेच 'साठ आणि तीन' असेही म्हणवून घ्यावे. तोंडी गणिताला संख्येचे दशक-एकक मनात सुटे दिसावे लागतात.

उत्तर पडताळण्याची सवयही लावावी. अंकांची बेरीज एक अंक येईपर्यंत करत जावे. २३ चे पाच, १७ चे आठ. पाच आठे चाळीस, त्याचे चार. ३९१ ची बेरीज तेरा, तिचेही चार. जुळले. मात्र अंकांची अदलाबदल होऊन ३१९ लिहिले गेले तर ही चाचणी चूक पकडत नाही. म्हणून शेवटचा अंकही पाहावा : तीन साते एकवीस, शेवटी एक हवा, नऊ नको. आणि अंदाज तर नेहमीच करावा.

पालकांना आमची विनंती आहे. १८ जून १९८० रोजी लंडनमध्ये शकुंतलादेवींनी तेरा-तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला. त्यांचे कौतुक जरूर सांगा, पण आपल्या मुलाच्या हातात घड्याळ देऊ नका. प्रथम चिंचोके किंवा बाटल्यांची बुचे ओळीत मांडून गुणाकार दाखवा, मग पाढा, मग युक्ती आणि सर्वांत शेवटी वेग. चुकल्यावर मार बसला तर मूल उत्तर लपवू लागते आणि लपवलेली चूक कोणालाच दुरुस्त करता येत नाही. ज्या माता-भगिनींना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनी मागे राहू नये. भाजीचा हिशेब तुम्ही रोज तोंडीच करता. 'अडीच किलो, चाळीस रुपये किलो, किती झाले?' हे विचारायला पाटी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे मोठे आहेत त्यांनी वस्तीतल्या दोन लहान मुलांची जबाबदारी घ्यावी. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे पुरेत. शिकवताना तुमचाही पाया पक्का होईल. बापाची रोजी ४७५ रुपये आणि खाडे वजा जाता हजेरी चोवीस दिवसांची, तर पगार किती व्हावा? पाचशे चोवीस बारा हजार, त्यातून पंचवीस चोवीस सहाशे वजा, ११,४००. पगाराच्या पाकिटातली रक्कम त्याच्याशी जुळते का, हे ज्या घरातले मूल न घाबरता सांगू शकते, त्या घराला हिशेबात कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही. हे काम आपल्या हातातले आहे आणि त्याला पैसाही लागत नाही.