तिकीट-संग्राहकाची जुनी पेटी : ओळख आणि उपयोग



वाशिष्ठी नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, तेथे दाभोळ वसले आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होते. रशियन प्रवासी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात मायदेशी परतण्यासाठी येथूनच जहाजावर चढला. बंदराचे ते वैभव ओसरले, तरी दर्याशी असलेले नाते तुटले नाही. पोटापाण्यासाठी या परिसरातील माणसे मुंबईस गेली, बोटींवर गेली, आफ्रिकेत आणि आखाती देशांत गेली. त्यांची पत्रे घरी येत राहिली आणि त्या पत्रांवरील तिकिटांतून कित्येक घरांत लहानमोठे संग्रह उभे राहिले.

आज अशा घराचा माळा आवरताना एखादी पत्र्याची पेटी हाती लागते. तिच्यात तिकिटांची वही, चिमटा, भिंग, काळी बशी, रेघांची पट्टी आणि पातळ कागदाचे चिटोरे असतात. यांतील काय वापरावे, काय केवळ जतन करावे आणि काय दूर ठेवावे, हे ठाऊक नसल्यास उत्साहाच्या भरात अनेक वर्षांचा ठेवा एका दुपारी नष्ट होऊ शकतो. म्हणून या साधनांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम चिमटा. तिकिटाच्या चिमट्याची टोके चपटी व गुळगुळीत असतात. टोकदार किंवा खाचा असलेला चिमटा या कामाचा नव्हे. खाऱ्या हवेत पोलादाला गंज चढतो आणि गंजाचा डाग कागदावरून निघत नाही. तेव्हा जुना चिमटा पांढऱ्या कागदावर घासून पाहावा. तांबूस रेघ उमटल्यास तो वापरू नये.

पातळ कागदाचे चिटोरे म्हणजे हिंज. त्यांच्या एका बाजूस गोंद असतो. हिंज दुमडून त्याचा लहान भाग तिकिटाच्या पाठीवर वरच्या कडेजवळ आणि मोठा भाग वहीच्या पानावर चिकटवावयाचा असतो. पूर्वीच्या उत्तम हिंजा वाळल्यावर सहज सुटत असत. अमेरिकेतील डेनिसन कंपनीच्या हिंजा त्यासाठी नावाजलेल्या होत्या. आता त्या तयार होत नाहीत. जुनी हिंज प्रथम मामुली तिकिटावर लावून पाहावी. ओली हिंज कधीही ओढू नये. ती पूर्ण वाळू द्यावी. न वापरलेल्या, मूळ गोंद शाबूत असलेल्या तिकिटाला हिंज मुळीच लावू नये. चिकटपट्टीचा उपयोग तर कटाक्षाने टाळावा, कारण तिचा पिवळा डाग कायमचा राहतो.

रेघांची किंवा ठिपक्यांची पट्टी हा छिद्रमापक होय. पॅरिसच्या लग्रां या संग्राहकाने १८६६ साली ही मापनपद्धती प्रचारात आणली. दोन सेंटिमीटर लांबीत जितकी छिद्रे, तो त्या तिकिटाचा छिद्रांक. १८५४ सालच्या पहिल्या अखिल भारतीय तिकिटांना छिद्रेच नव्हती. ती कात्रीने कापून घ्यावी लागत. जुने छिद्रमापक पत्र्याचे, पुठ्ठ्याचे वा सेल्युलॉइडचे असत. सेल्युलॉइड काळाने आक्रसते आणि चटकन पेट घेते. म्हणून असे माप साध्या मोजपट्टीशी ताडून पाहावे व दिव्यापासून दूर ठेवावे.

काळी बशी जलचिन्ह पाहण्यासाठी असते. तिचे महत्त्व एका उदाहरणाने ध्यानी येईल. पंचम जॉर्जची तिकिटे आधी लंडनमध्ये छापली जात. त्यांच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एकच तारा असे. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छपाई सुरू झाल्यावर १९२६ पासून अनेक ताऱ्यांचा कागद आला. वरून सारखे दिसणारे तिकीट लंडनचे की नाशिकचे, हे ही काळी बशी सांगते. तिकीट तिच्यात पालथे ठेवून प्रथम कोरडेच पाहावे. पूर्वी त्यावर बेंझिन किंवा कार्बन टेट्राक्लोराइडचे थेंब टाकीत. पहिले ज्वालाग्राही आहे, तर दुसरे यकृत व मूत्रपिंडांना घातक आहे. पेटीत अशी बाटली आढळल्यास ती हुंगू नये, उघडू नये आणि मुलांच्या हाती पडू देऊ नये.

आता वहीविषयी. दापोली तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत तिकिटांवर तपकिरी ठिपके उठतात आणि गोंद पानाला धरतो. म्हणून वह्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, त्यांजवळ सिलिका जेलची पुडी असावी आणि हिवाळ्यातील कोरड्या दिवसांत सावलीत पाने उलगडून हवा द्यावी. जुनी मऊ प्लास्टिकची पाकिटे तिकिटाचा रंग ओढून घेतात. ती काढून टाकावीत. जुनी वही जीर्ण झाली असली तरी फेकू नये. तिच्यातील हस्ताक्षरातील नोंदी हा संग्रहाचा इतिहासच होय.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी. तिकीट पाण्यात भिजवून सोडविण्याची घाई करू नये. दाभोळ टपाल कचेरीचा स्पष्ट शिक्का असलेले जुने कार्ड अथवा मुंबई, आफ्रिका येथून आलेले पाकीट अखंडच ठेवावे. सुटे तिकीट पुष्कळांकडे असते. पण कोणते पत्र कोठून निघाले आणि या खाडीकाठी केव्हा पोचले, हे तो शिक्काच सांगतो. कात्री लागली की ती साक्ष कायमची पुसली जाते.

नव्या संग्राहकाने आरंभ आपल्या मातीतूनच करावा. याच तालुक्यातील मुरूड येथे बालपण गेलेले महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावर १९५८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीस, ते हयात असतानाच टपाल तिकीट निघाले. १९५६ साली लोकमान्य टिळकांचे आणि १९६६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तिकीट प्रसिद्ध झाले. अशी तीन तिकिटे, एक स्वच्छ चिमटा आणि एक कोरडी वही एवढ्या भांडवलावर शाळेतील मुलाला आपल्या जिल्ह्याचा इतिहास जुळवता येईल. माळ्यावरची पेटी त्याच्यासाठीच उघडावी, मात्र हात कोरडे ठेवून आणि घाई न करता.