पदवीचा विद्यार्थी आणि संशोधन



संशोधन हा शब्द कानी पडला की बहुतेकांच्या मनापुढे पिकलेल्या केसांचा एखादा आचार्य उभा राहतो. “आधी पदवी पदरात पडू दे, मग पदव्युत्तर परीक्षा, आणि इतके होऊन उत्साह उरलाच तर संशोधन,” असा हिशेब घरोघरी मांडला जातो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने आधी इतरांनी शोधलेले शिकावे, स्वतः काही शोधण्याचा विचार मागाहून करावा, अशी या हिशेबामागची समजूत आहे. ती कितपत खरी, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

असा विचार करण्यास निमित्तही तसेच घडले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीचा मार्ग मोकळा केला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरता येईल, अशी सोय आहे. आजवर मोठ्या संस्थांच्या आवारात राहिलेले संशोधन त्यामुळे आपल्या गावातल्या महाविद्यालयाच्या दारी येऊ शकेल. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु तिच्या पाठोपाठ एक भयही येते. संशोधन हा परीक्षेचा आणखी एक विषय होऊन बसला, तर त्याचीही मार्गदर्शके निघतील आणि बांधणी केलेले तयार प्रबंध पैसे मोजून मिळू लागतील. मग ज्या वयात सत्य शोधण्याची सवय लागावयाची, त्याच वयात खोट्यावर सही करण्याची सवय लागेल. पुस्तक न वाचता परीक्षा दिली तर ज्ञानाची हानी होते. न केलेल्या कामावर आपले नाव घातले तर माणसाचीच हानी होते.

म्हणून विद्यार्थिदशेतले खरे संशोधन कसे असते, हे एक-दोन उदाहरणांनी पाहू.

१९२८ सालची गोष्ट. जर्मनीचे विख्यात पदार्थविज्ञानवेत्ते आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले होते. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारा सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हा अठरा वर्षांचा विद्यार्थी त्यांना जाऊन भेटला. त्याने त्यांचा अणुरचनेवरील ग्रंथ मन लावून वाचला होता. परंतु सोमरफेल्ड यांनी त्याला सांगितले की, त्या ग्रंथानंतर पदार्थविज्ञान पार बदलून गेले आहे. आणि धातूंमधील इलेक्ट्रॉनांविषयीच्या आपल्या नव्या लेखाची मुद्रिते त्याच्या हाती ठेवली. आपले वाचन जुने ठरले, याने एखादा खचून गेला असता. चंद्रशेखरने ती मुद्रिते अभ्यासिली, त्यातील नवी सांख्यिकी आत्मसात केली, आणि ती आणखी कोठे लागू पडेल, असा प्रश्न स्वतःस विचारला. त्यातून सिद्ध झालेला लेख त्याने केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांच्याकडे पाठविला. १९२९ साली तो रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून आला, तेव्हा त्याच्या लेखकाला पदवी मिळावयाची होती. १९८३ सालचे नोबेल पारितोषिक फार पुढचे. आपण लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की, एका विद्यार्थ्याने भेट मागितली, एका थोराने ती दिली, आणि विद्यार्थ्याने त्या भेटीचे चीज केले.

कोणी म्हणेल, चंद्रशेखर हा असामान्य बुद्धीचा; सामान्याने काय करावे? त्यांनी चार्ल्स डार्विनकडे पाहावे. एडिंबरो येथे वैद्यक शिकावयास गेलेला हा मुलगा अभ्यासात मुळीच रमला नाही. शस्त्रक्रिया तर त्याला पाहवत नसे. दोन वर्षांत, पदवी न घेताच, त्याने ते शिक्षण सोडले. ७५ टक्क्यांची अट त्याला खचितच पार करता आली नसती! परंतु तेथेच रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाच्या संगतीत तो समुद्रकाठचे जीव गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळीत असे. समुद्रशैवालाचे अंकुर मानले जाणारे काही काळे गोलक वस्तुतः एका सागरी जळवेच्या अंड्यांचे कोश आहेत, असे त्याच्या ध्यानी आले. मार्च १८२७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने विद्यार्थ्यांच्या प्लिनियन सोसायटीपुढे आपली निरीक्षणे मांडली. ग्रँट यांनीही पुढे छापलेल्या लेखात आपल्या या तरुण मित्राचे ऋण नोंदविले. शोध लहानसाच होता. पण तो स्वतःच्या डोळ्यांनी लावलेला होता.

गुणपत्रिका आपण काय लक्षात ठेवले ते सांगते. आपण काय पाहू शकतो, हे तिला सांगता येत नाही. यास्तव अटीत न बसणाऱ्या विद्यार्थ्यांनाही महाविद्यालयांनी प्रयोगशाळेचे आणि ग्रंथालयाचे दार उघडे ठेवावे.

आता प्रश्न असा की, आरंभ कोठून करावा? माझ्या मते घराच्या उंबरठ्यापासून. गोव्यातील खाजण शेतीचेच पाहा. खाडीचे खारे पाणी बांधाने अडविलेले असते आणि ‘मानस’ नावाच्या दारांतून त्याची ये-जा राखली जाते. भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या आतले व बाहेरचे पाणी बाटल्यांत भरून आणावे. त्यातील क्लोराइडचे प्रमाण सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने काढणे, हे पदवीच्या रसायनशाळेतले नेहमीचेच काम आहे. वर्षभर, ठरलेल्या तिथींना, एवढे एकच काम निष्ठेने केले, तर कोणत्या महिन्यात क्षार कोठवर शिरतात, याचा शेतकऱ्याच्याही उपयोगाचा तक्ता तयार होईल.

भाषेच्या विद्यार्थ्याला तर बाटलीही नको. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांत आजीची मराठी आणि नातीची मराठी निराळी झाली, असे सगळेच म्हणतात. पण म्हणणे निराळे आणि मोजणे निराळे. वीस घरे निवडावी; प्रत्येक घरातील तीन पिढ्यांना स्वयंपाकघराचे एकच चित्र दाखवावे; त्यातील तीस वस्तूंची नावे विचारावी आणि जो शब्द येईल तो, न सुधारता, उतरून घ्यावा. मात्र प्रारंभीच वहीत लिहून ठेवावे की, कोणते उत्तर आले तर आपला तर्क चुकला असे आपण मानू. हे एक वाक्य लिहिण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, तो संशोधक झालाच म्हणून समजा.

मार्गदर्शकाकडे जाताना “मला एखादा विषय द्या” असे म्हणू नये. त्यांचा एखादा लेख वाचून जावे, त्यातले काय समजले व कोठे अडले ते दहा ओळींत लिहून न्यावे. पहिले काही महिने भांडी धुण्यात आणि आकडे उतरविण्यात जातील. ते विद्येचेच अंग आहे. नोंदवही शाईने लिहावी, दिनांक घालावा, चुकलेला आकडा खोडावा पण पुसू नये. अपेक्षेविरुद्ध निष्पत्ती आली तर तीही तितक्याच स्पष्टपणे लिहावी. बाहेरच्या संधीही आहेतच. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत नामांकित संशोधकांच्या हाताखाली काम करण्यासाठी शिष्यवृत्त्या देत आल्या आहेत. त्यांसाठी अर्ज अवश्य करावा. पण अर्ज मंजूर होईपर्यंत हात बांधून बसू नये.

शेवटी दोन शब्द वडीलधाऱ्यांना. मुलगी संध्याकाळी उशिरापर्यंत ग्रंथालयात बसली, मुलगा रविवारी बाटल्या घेऊन खाडीवर गेला, तर “यातून गुण किती मिळणार?” हा प्रश्न त्यांना लगेच विचारू नका. आणि प्राध्यापकांनो, वर्गातील सर्वांना हाताशी धरणे आपणांस शक्य नाही, हे खरे. पण वर्षाकाठी दोघांना धरता येईल, आणि त्यांच्या श्रमाचे श्रेय त्यांच्या नावावर लिहिता येईल. चौथ्या वर्षाचे नियम आयोगाने घालून दिले आहेत. त्या नियमांत प्राण ओतणे हे मात्र घराचे, शिक्षकाचे आणि विद्यार्थ्याचे काम आहे.