थकव्याचे अर्थशास्त्र



अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात उत्पादनाचे चार घटक सांगितलेले असतात : भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन. यांपैकी श्रमाचे मोजमाप आपण माणसांच्या संख्येने आणि कामाच्या दिवसांनी करतो. एका मजुराचा एक दिवस म्हणजे एक मनुष्यदिन. तो मजूर सकाळी ताजातवाना होऊन आला, की आदल्या दिवसाचा शीण अंगात घेऊनच आला, याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. आजचा विषय या न झालेल्या नोंदीचा आहे.

'अंगात त्राण उरले नाही', 'हातपाय गळून गेले', 'जिना चढला की धाप लागते' ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. बोलणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते आणि बोलून झाल्यावर ती पुन्हा कामाला लागते. ऐकणारे या तक्रारीला कधी आळस म्हणतात, कधी वयाचा परिणाम म्हणतात. लवकर उठावे, व्यायाम करावा, मन प्रसन्न ठेवावे, असे उपायही सुचवले जातात. हे उपाय चुकीचे नाहीत. मात्र शरीरात शक्ती आहे, फक्त इच्छाशक्ती कमी पडते, असे त्यांत गृहीत धरलेले असते. भारतातील कोट्यवधी माणसांच्या बाबतीत हे गृहीतकच खरे नाही. तेथे शक्तीचा पुरवठाच तोकडा आहे आणि हा तुटवडा मोजता येतो, भरूनही काढता येतो.

शरीराचा जमाखर्च

मनुष्य स्वस्थ पडून असला तरी श्वास, हृदयाचे ठोके आणि शरीराचे तापमान राखण्यासाठी ऊर्जा खर्च होत असते. दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारणतः निम्मी किंवा त्याहून अधिक यातच संपते. काम, चालणे, मुलांशी खेळणे, विचार करणे हे सारे उरलेल्या शिलकीतून भागवावे लागते. आवक घटली की शरीर हालचाल कमी करून काटकसर करते. या काटकसरीचे दुसरे नाव थकवा.

अर्थशास्त्राने ही गोष्ट ओळखली नाही असे नाही. हार्वे लायबेनस्टाइन यांनी १९५७ मध्ये मजुरी, पोषण आणि कार्यक्षमता यांचा परस्परसंबंध मांडला. १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रॉबर्ट फोगेल यांनी इतिहासातून त्याचे पुरावे दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील तळच्या दहा टक्के लोकांना नियमित काम करण्याइतकी ऊर्जा आहारातून मिळतच नव्हती, असे त्यांनी दाखवले. १७९० नंतरच्या सुमारे दोनशे वर्षांत ब्रिटनच्या दरडोई उत्पन्नात जी वाढ झाली, तिच्यात सुधारलेल्या पोषणाचा वाटा सुमारे ३० टक्के असावा, असा त्यांचा अंदाज होता.

भारतातील दारिद्र्याची मोजणीही ऊर्जेच्याच प्रश्नापासून सुरू झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी प्रतिदिन २,२५० उष्मांकांचा निकष धरून गरिबीचा अंदाज बांधला. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृती गटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांकांचा निकष ठरवला. पोटात धान्य किती जाते, हा त्या काळातील प्रमुख प्रश्न होता आणि तो योग्यच होता.

परंतु चुलीत लाकूड असून भागत नाही, वाराही लागतो. अन्नातून ऊर्जा मोकळी होण्यासाठी पेशींना प्राणवायू लागतो. तो वाहून नेणारे हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी लोह लागते. लोह कमी पडले की पोट भरलेले असूनही शरीर अर्ध्या वाऱ्यावर चालणाऱ्या चुलीसारखे धुमसत राहते. रक्तक्षय अथवा अ‍ॅनिमिया म्हणतात तो हाच.

निम्म्याहून अधिक स्त्रिया

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५३ टक्के झाले आणि २०१९-२१ मध्ये ते पुन्हा वाढून ५७ टक्क्यांवर गेले. त्याच फेरीत पुरुषांमध्ये ते २५ टक्के होते, तर पाच वर्षांखालील बालकांमध्ये ६७ टक्के.

या आकड्यांच्या अचूकतेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबाऐवजी शिरेतून रक्त घेतले की प्रमाण कमी भरते. शिरेतील रक्त तपासणाऱ्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातही किशोरवयीन मुलींपैकी ४० टक्के रक्तक्षयी आढळल्या. मोजपट्टी कोणतीही घेतली, तरी समस्या मोठीच राहते.

राज्यवार चित्र अधिक बोलके आहे. २०१९-२१ च्या फेरीत स्त्रियांमधील प्रमाण पश्चिम बंगालमध्ये ७१ टक्के, आसाममध्ये ६६, महाराष्ट्रात ५४, केरळमध्ये ३६, तर नागालँडमध्ये २९ टक्के होते. गुजरातचे दरडोई उत्पन्न बिहारच्या कित्येक पट आहे. तरीही गुजरातमध्ये ६५ टक्के आणि बिहारमध्ये ६३.५ टक्के, म्हणजे दोन्ही राज्ये जवळपास एकाच पातळीवर. देशातील सर्वांत संपन्न गटातल्या सुमारे निम्म्या स्त्रियाही रक्तक्षयी आढळल्या. उत्पन्न वाढले की थकवा आपोआप जाईल, ही आशा या आकड्यांपुढे टिकत नाही.

थकव्याची किंमत

१९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातील एका अभ्यासात रबराच्या मळ्यातील कामगार तपासले गेले. चीक गोळा करणाऱ्यांना गोळा केलेल्या मालानुसार पैसे मिळत असल्याने कामाचा हिशेब स्पष्ट होता. रक्तक्षयी कामगारांचे उत्पादन इतरांपेक्षा सुमारे एकपंचमांशाने कमी होते. साठ दिवस लोहाच्या गोळ्या दिल्यानंतर हे अंतर बरेचसे भरून निघाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील अभ्यासात चहाच्या मळ्यातील स्त्रियांना लोह दिल्यावर त्यांची हालचाल वाढली. ज्यांचा रक्तक्षय अधिक होता, त्यांनी खुडलेल्या पानांचे वजनही वाढले.

या अभ्यासांचा अर्थ नीट समजून घ्यावा लागेल. ते कामगार गोळ्यांपूर्वी आळशी नव्हते आणि गोळ्यांनंतर उद्योगी झाले नाहीत. काम करण्याची इच्छा आधीही होतीच. बदलली ती क्षमता. उक्त्या कामावर ऊस तोडणारी, विटा वाहणारी, चहा खुडणारी किंवा विड्या वळणारी स्त्री आपल्या रक्तातील कमतरतेची किंमत रोजच्या मजुरीतून मोजत असते. कमी मजुरीतून कमी आहार, त्यातून पुन्हा कमी काम असे हे चक्र चालते.

ज्या कामाचा मोबदला मिळत नाही, त्याचे नुकसान तर हिशेबातच येत नाही. वर्गात डोळे मिटू लागणारी मुलगी, तान्ह्या बाळाला पुन्हा पुन्हा भरवण्याचे त्राण नसलेली आई, सभेत बसूनही बोलण्याची उमेद न उरलेली ग्रामपंचायत सदस्या यांची भरपाई राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

गोळी वाटली, पोटात गेली का?

पोषणजन्य रक्तक्षयाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने १९७० मध्येच हाती घेतला. त्यानंतर किशोरवयीन मुलामुलींसाठी साप्ताहिक गोळ्यांची योजना आली आणि २०१८ मध्ये 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' मोहीम सुरू झाली. या मोहिमेत गर्भवती स्त्रीने चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी, असे ठरवण्यात आले. औषध स्वस्त आहे आणि विज्ञान जुने आहे. मग अडते कोठे?

२०१९-२१ च्या पाहणीनुसार गरोदरपणात किमान १०० दिवस गोळ्या घेणाऱ्या माता ४४ टक्के होत्या आणि १८० दिवस घेणाऱ्या केवळ २६ टक्के. २०१५-१६ मध्ये हीच प्रमाणे ३० आणि १४ टक्के होती, म्हणजे सुधारणा नक्कीच झाली. तरीही चारपैकी तीन मातांचा क्रम अपुराच राहिला.

कारणे गावपातळीवर सर्वांना ठाऊक आहेत. गोळीने मळमळते, पोट दुखते, शौचाला काळे होते. असे होईल हे आधी कोणी सांगितलेले नसते, म्हणून घाबरून गोळी बंद होते. गोळीने बाळ काळे होते किंवा फार मोठे होऊन बाळंतपण अडते, अशा समजुती आहेत. त्या खऱ्या नाहीत, पण सासूबाईंनी सांगितलेली गोष्ट सून सहसा मोडत नाही. कधी उपकेंद्रातला साठाच संपलेला असतो. सर्वांत मोठे कारण असे की स्वतःचा थकवा हा आजार आहे, असे त्या स्त्रीला वाटतच नाही. आई थकलेली असे, आजी थकलेली असे, तशी तीही.

म्हणून वाटलेल्या गोळ्यांची संख्या हे यशाचे माप असू शकत नाही. 'आशा' कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका जेव्हा सांगते की गोळी जेवणानंतर घ्या म्हणजे मळमळ कमी होईल, शौच काळे झाले तरी भिऊ नका, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, तेव्हा ती दहा मिनिटांत मोठे काम करत असते. त्या दहा मिनिटांना कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात जागा असायला हवी.

विश्रांतीचे दारिद्र्य

लोहाइतकीच दुसरी टंचाई वेळेची आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. शिवाय घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.५ टक्के होते आणि पुरुषांचे २७ टक्के. शेतावरून किंवा कारखान्यातून परतल्यावर सुरू होणारी ही दुसरी पाळी आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. घरातील पाळीला असा कोणताही अधिनियम लागू झाला नाही.

या दृष्टीने पाहिले तर घरी येणारा नळ हासुद्धा थकव्यावरचा उपाय ठरतो. २०१९ मध्ये जल जीवन अभियान सुरू झाले, तेव्हा ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळजोडणी होती. २०२५ च्या प्रारंभी ही संख्या १५ कोटींवर गेली होती. डोक्यावरचा हंडा उतरला की वाचतात ते केवळ तास नव्हेत, त्या खेपांत जळणारी ऊर्जाही वाचते. मात्र नळाला रोज पाणी यायला हवे.

वाढत्या उष्म्याचा भारही याच शरीरावर पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार २०३० मध्ये उष्णतेमुळे भारतातील ५.८ टक्के कामाचे तास वाया जाण्याची शक्यता आहे. सावली, पिण्याचे पाणी आणि दुपारची सुटी या सोयींना मजुरावरील उपकार मानण्याऐवजी उत्पादनखर्चाचा भाग मानले पाहिजे.

घरात आणि गावात

काही उपाय आजपासून करण्याजोगे आहेत. डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असला की हे शोषण वाढते. कडधान्यांना मोड आणणे, पीठ आंबवणे यांचाही उपयोग होतो. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा मात्र लोहाला अडवतो. तो तासाभराने घ्यावा. चहा आणि तंबाखूने आलेली तरतरी हे उसने भांडवल आहे, ते संध्याकाळी व्याजासह फेडावे लागते.

थकवा दोन-तीन आठवडे टिकला तर रक्त तपासून घ्यावे. त्यामागे मधुमेह, थायरॉइडचे विकार, क्षयरोग, 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाचे नैराश्यही असू शकते. आदिवासी भागांत सिकलसेलची शक्यता असते, तेथे तपासणीवाचून औषध देणे योग्य नाही. आणि घरात सर्वांनी एकत्र जेवायला बसावे. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात भाजी उरतेच असे नाही.

या उपायांपैकी लिंबू पिळण्यासाठी शासनाची गरज नाही. परंतु गोळ्यांचा अखंड साठा, नळाचे पाणी, कामावरची सावली आणि घरकामाची न्याय्य वाटणी या गोष्टी एकट्या स्त्रीच्या निर्धाराने येत नाहीत. त्या समाजाने आणि शासनाने मिळून करायच्या आहेत. भारताजवळ तरुण लोकसंख्येचा लाभ आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या तरुणांपैकी निम्म्या, म्हणजे मुली, जर दम लागत जिने चढत असतील, तर तो लाभ केवळ कागदावर राहील. थकलेल्या माणसाला उत्साहाचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या, आणि विशेषतः तिच्या, रक्ताचा आणि वेळेचा हिशेब मांडणे हे विकासाचे पहिले कर्तव्य आहे.